ऑपरेशनच्या कागदावर सही करण्याआधी सर्जनने काय सांगायला हवं? आणि कुणाला?

"पिशवी खराब झालीय, काढावी लागेल." "अपेंडिक्स आहे, आजच करावं लागेल." "थोडी रिस्क आहे, इथे सही करा."

ऑपरेशनबद्दल अनेक कुटुंबांना मिळणारी माहिती अशा एखाद-दोन वाक्यांत संपते. मग कागद पुढे येतो. घरातला शिकलेला माणूस सही करतो, बाकीचे हात जोडतात आणि ज्याच्या अंगावर सुरी चालणार आहे तो पेशंट खाटेवर पडून छताकडे बघत असतो.

सर्जनने पेशंटशी आणि घरच्यांशी नेमकं काय बोलायला हवं, याबद्दल कायदा, न्यायालयं आणि वैद्यकशास्त्र बरंच स्पष्ट बोलतात. पालमसारख्या तालुक्याच्या गावातून मोठ्या शहराकडे जाणाऱ्या पेशंटसाठी तर हे माहीत असणं जास्तच गरजेचं आहे. का, ते पाहू.

पेशंट एक, गावं तीन, डॉक्टर अनेक

परभणी जिल्ह्यातलं पालम हे गंगाखेडहून लोह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं तालुक्याचं गाव. ग्रामीण रुग्णालय ही सरकारी आरोग्यव्यवस्थेतली अशा गावातली पायरी. राज्यात ग्रामीण रुग्णालय साधारणपणे ३० खाटांचं धरलं जातं. तिथे बाळंतपणं होतात, जखमा शिवल्या जातात, ठरलेल्या दिवशी कुटुंब नियोजनाच्या शस्त्रक्रिया होतात. पण फुटलेलं आतडं, डोक्याला मार, कॅन्सरची गाठ असं काही असेल, तर पुढे जावं लागतं : गंगाखेड, परभणी किंवा नांदेडजवळच्या विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. काहीजण थेट खासगी दवाखाना गाठतात.

या प्रवासात पेशंट पुढे सरकतो, पण माहिती मागे राहते. पहिल्या डॉक्टरने तपासलेलं असतं, दुसऱ्याने सोनोग्राफी केलेली असते, आणि ऑपरेशन करणारा तिसराच असतो. प्रत्येकाला वाटतं, आधीच्याने सांगितलंच असेल. घरचे मात्र "पुढे न्या" एवढंच ऐकून निघालेले असतात.

म्हणून पहिली गोष्ट : जिथून पेशंट पुढे पाठवला जातो, तिथल्या डॉक्टरने तीन गोष्टी तोंडी सांगायला हव्यात आणि चिठ्ठीवर लिहून द्यायला हव्यात. आजार काय वाटतो, इथे काय उपचार दिले आणि पुढे कशासाठी पाठवत आहोत. "इथे सोय नाही" आणि "उशीर झाला तर जीव जाईल" या दोन वाक्यांत फार फरक आहे. दुसरं वाक्य कुणी बोललंच नाही, तर घरचे आधी पैशांची जुळवाजुळव करायला गावाकडे वळतात.

संमती म्हणजे सही नव्हे

याबाबतीत देशात सर्वाधिक उल्लेख होतो तो समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्याचा. १९९५ साली दिल्लीतल्या ४४ वर्षांच्या एका अविवाहित महिलेने दुर्बिणीतून तपासणी करण्यासाठी संमती दिली. ती भुलीखाली असतानाच, बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन तिचं गर्भाशय आणि दोन्ही बीजाशय काढण्यात आले. १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ही संमती ग्राह्य नाही. पेशंट सज्ञान होती, थोड्या वेळाने शुद्धीवर येणार होती आणि जिवाला तातडीचा धोका नव्हता. त्यामुळे आईने तिच्या वतीने होकार देण्याचा प्रश्नच येत नव्हता.

या निकालातून डॉक्टरांसाठी एक चौकट तयार झाली. संमती घेण्याआधी पेशंटला पुढील गोष्टी कळल्या पाहिजेत :

- कोणता उपचार करणार, कसा करणार आणि कशासाठी
- त्याचा फायदा आणि परिणाम काय
- दुसरा पर्याय आहे का
- मोठे धोके कोणते
- उपचार नाकारला तर काय होऊ शकतं

लाखात एखाद्याला होणारा प्रत्येक धोका सांगून पेशंटला घाबरवावं, अशी न्यायालयाची अपेक्षा नाही. पण तपासणीसाठी दिलेली संमती ही ऑपरेशनसाठीची संमती होत नाही, हे न्यायालयाने स्पष्ट केलं. अपवाद एकच : जीव वाचवण्यासाठी किंवा गंभीर हानी टाळण्यासाठी थांबणं शक्यच नसेल तेव्हा.

बीडचा धडा : भीती घालून मिळवलेला होकार

बोलणं चुकलं तर काय होतं, याचं मोठं उदाहरण परभणीला लागून असलेल्या बीड जिल्ह्यात आहे.

२०१९ मध्ये ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला. सरकारने विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीडमध्ये ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. म्हणजे साधारण दर सहा जणींमागे एक.

यामागे पैसा होता, गरिबी होती आणि ऊसतोडीची पद्धतही होती. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरला जातो, मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि कामावर खाडा झाला की पैसे कापले जातात. पाळीच्या दिवसांतही फडात उभं राहावं लागतं. अशा वेळी पोटदुखी, अंगावरून पांढरं जाणं किंवा जास्त रक्तस्राव अशी तक्रार घेऊन बाई दवाखान्यात जाते. तिथे "पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल" असं ऐकायला मिळाल्याचं अनेकींनी सांगितलं.

या एका वाक्याने संमतीचा सगळा अर्थच बदलून जातो. कागदावर सही किंवा अंगठा होता, पण पर्याय सांगितलेला नव्हता. अशा अनेक तक्रारी औषधांनी बऱ्या होतात, कॅन्सरची शंका असेल तर आधी तपासणी करता येते आणि बीजाशयही काढले तर कमी वयात पाळी जाऊन हाडं ठिसूळ होण्यासारखे त्रास सुरू होतात. हे सगळं माहीत असतं, तर त्यांच्यापैकी किती जणी "हो" म्हणाल्या असत्या?

या प्रकरणानंतर बीडमधल्या खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं बंधनकारक करण्यात आलं. अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने तयार केलेली मार्गदर्शक तत्त्वं सर्व राज्यांनी स्वीकारावीत, असे निर्देश एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही दिले.

सही कुणाची?

आपल्याकडे "पेशंटचे नातेवाईक कोण?" असा पुकारा होतो आणि घरातला कर्ता पुरुष पुढे जातो. पण पेशंट सज्ञान असेल, शुद्धीवर असेल आणि समजण्याच्या स्थितीत असेल, तर निर्णय त्याचा किंवा तिचाच. नवरा, सासरा, मुलगा यांच्याशी बोलावं, त्यांची साथ घ्यावी, पण त्यांची सही तिच्या होकाराची जागा घेऊ शकत नाही. गर्भपाताच्या कायद्यात तर हे थेट लिहिलेलं आहे : सज्ञान महिलेची स्वतःची संमती पुरेशी आहे, नवऱ्याची लागत नाही.

लहान मुलं, बेशुद्ध पेशंट किंवा निर्णय घेण्याची मानसिक स्थिती नसलेली व्यक्ती यांच्या बाबतीत पालक किंवा जवळचे नातेवाईक बोलतात. कुणीच सोबत नसेल आणि जिवावर बेतलं असेल, तर डॉक्टर सहीसाठी थांबून राहत नाहीत. जीव वाचवणं आधी.

विचार करायला वेळ मिळणं हाही संमतीचाच भाग आहे. नसबंदी शिबिरांबाबतच्या देविका बिस्वास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितलं की संमतीचा फॉर्म स्थानिक भाषेत असावा, त्यातला मजकूर समजावून सांगावा आणि मन बदलायचं असेल तर बदलता यावं म्हणून सुमारे तासाभराची उसंत द्यावी. थिएटरच्या दारात, हिरवा गाऊन घातल्यावर पुढे केलेल्या कागदावर विचार होत नाही.

"पेशंटला सांगू नका, हाय खाईल"

हे वाक्य जवळपास प्रत्येक सर्जनने ऐकलेलं असतं, विशेषतः कॅन्सरच्या बाबतीत. घरच्यांचा हेतू चांगला असतो. पण पेशंटला बहुतेक वेळा अंदाज आलेलाच असतो. लोक कुजबुजतात, बायको डोळे पुसत आत येते, वॉर्डाच्या दारावरची पाटीही दिसते. मग घरचे त्याला सांगत नाहीत आणि तो घरच्यांना विचारत नाही. शेताची वाटणी, मुलीचं लग्न, कुणाचं देणं-घेणं अशा ज्या गोष्टी त्याला बोलायच्या असतात, त्या मनातच राहतात.

अनुभवी सर्जन अशा वेळी घरच्यांशी वाद घालत नाहीत आणि खोटंही बोलत नाहीत. ते पेशंटलाच विचारतात : "तुम्हाला आजाराबद्दल काय वाटतंय? सगळं तपशिलात ऐकायचंय, की घरच्यांशी बोलू?" काहीजण म्हणतात, "पोराशी बोला." तोही पेशंटचाच निर्णय आहे. काहीजण उठून बसतात आणि म्हणतात, "सांगा साहेब."

डॉक्टरांसाठी २००२ पासून लागू असलेल्या आचारसंहितेत याबद्दल एक साधा नियम आहे : आजाराचं गांभीर्य वाढवूनही सांगू नये आणि कमी करूनही सांगू नये.

कोणत्या शब्दांत?

"रिस्क आहे" हे वाक्य काहीच सांगत नाही. "दहा टक्के" म्हटलं तरी अनेकांना बोध होत नाही. "अशा शंभर माणसांचं ऑपरेशन केलं तर दहा जणांना जखमेत पू होतो, नव्वद जणांना होत नाही" हे मात्र कुणालाही कळतं. शरीराचं चित्र काढून दाखवलं तर आणखी बरं.

पालमच्या आसपास मराठीबरोबर दखनी उर्दू बोलली जाते, तांड्यांवर गोरमाटी चालते. पेशंटची भाषा डॉक्टरला येत नसेल, तर दुभाष्या कोण हे महत्त्वाचं ठरतं. बाईच्या आजाराबद्दल बोलताना सासूला किंवा शाळकरी मुलाला मध्ये बसवलं, तर अर्ध्या गोष्टी गाळल्या जातात. एखादी परिचारिका किंवा आशा कार्यकर्ती जास्त उपयोगी पडते.

समजलं की नाही, हे तपासायची एक सोपी पद्धत जगभर वापरली जाते. "समजलं का?" असं विचारलं की लोक मान डोलावतात. त्याऐवजी डॉक्टर विचारतात : "घरी गेल्यावर बायकोला काय सांगाल, ते मला सांगा बरं." पेशंटच्या तोंडून जे येतं, तेच त्याला समजलेलं असतं.

भारतात नव्या पिढीच्या डॉक्टरांना हे शिकवलंही जातं. २०१९ पासून एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद हा स्वतंत्र भाग आला आहे. त्याआधीच्या बहुतेक सर्जननी हे वरिष्ठांकडे बघत, चुकतमाकतच शिकलेलं आहे.

पेशंटनेही खरं सांगायचं

संवाद दोन्ही बाजूंनी असतो. ऑपरेशनआधी उपाशी ठेवलं जातं, त्याचं कारण अनेकदा सांगितलं जात नाही. मग आजी मायेने नातवाला चहा-बिस्किट देते आणि कुणी विचारलं तर "काही दिलं नाही" म्हणते. भुलीत पोटातलं अन्न उलटून फुप्फुसात गेलं, तर जीव जाऊ शकतो. ठरवून केलेल्या ऑपरेशनआधी साधारण ६ तास अन्न आणि २ तास पाणीही बंद ठेवतात. नेमकी वेळ भूलतज्ज्ञ सांगतात. चुकून काही दिलंच असेल, तर लगेच सांगावं. ऑपरेशन पुढे ढकललं जाईल, एवढंच.

याच गोष्टी लपवू नयेत : तंबाखू, मिसरी, दारू, रक्त पातळ करणारी गोळी, शुगर-बीपीची औषधं, वैदूकडून घेतलेलं औषध, आधीच्या भुलीत झालेला त्रास, पोटात बाळ असण्याची शक्यता.

दार बंद झाल्यावर

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी एक तपासयादी आणली. भूल देण्याआधी पेशंटलाच विचारायचं : नाव काय, कसलं ऑपरेशन, कोणत्या बाजूचं, संमती दिली आहे का. पुन्हा पुन्हा तेच विचारतात म्हणून घरचे वैतागतात, पण त्यामागे कारण आहे. दिल्लीसह जगातल्या ८ शहरांतल्या रुग्णालयांच्या अभ्यासात, ही यादी वापरायला लागल्यावर ऑपरेशननंतरच्या मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं.

बाहेर बसलेल्यांसाठी मात्र वेळ थांबलेली असते. दीड तास सांगितलेलं ऑपरेशन तीन तास चाललं आणि कुणी बाहेर येऊन दोन शब्द बोललं नाही, तर कल्पना धावू लागतात. उशीर होतोय आणि का होतोय, हे सांगायला एक मिनिट पुरतं.

सर्जनच्या शब्दावर घरचे किती विसंबून असतात, हे महाराष्ट्रातल्याच एका जुन्या खटल्यात दिसतं. मे १९५३ मध्ये कोकणात पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर वीस वर्षांच्या एका तरुणाच्या मांडीचं हाड मोडलं. त्याला पुण्याच्या रुग्णालयात आणलं. तिथे पुरेशी भूल न देता, फक्त मॉर्फियाच्या इंजेक्शनवर हाड बसवण्यात आलं. संध्याकाळी सातपर्यंत मुलगा मॉर्फियाच्या गुंगीतून बाहेर येईल, असं सर्जनने वडिलांना सांगितलं. त्या भरवशावर वडील दौंडला परतले. मुलगा त्याच रात्री गेला. वडील स्वतः डॉक्टर होते, तरी त्यांनी शब्दावर विश्वास ठेवला. हा खटला १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. न्यायालयाने सर्जनचा निष्काळजीपणा मान्य केला आणि ३,००० रुपयांची भरपाई कायम ठेवली. जोशी विरुद्ध गोडबोले म्हणून तो आजही वैद्यकीय कायद्याच्या पुस्तकांत असतो.

वाईट बातमी कशी सांगावी?

यासाठी जगभर शिकवली जाणारी एक सहा पायऱ्यांची पद्धत २००० साली कॅन्सरतज्ज्ञांनी मांडली. सोप्या मराठीत ती अशी :

१. बाजूला, शांत जागी बसून बोला. फोन बंद.
२. त्यांना आतापर्यंत काय माहीत आहे ते विचारा.
३. किती ऐकायची तयारी आहे ते विचारा.
४. साध्या शब्दांत, थोडं थोडं सांगा.
५. रडू द्या, राग येऊ द्या, गप्प बसा.
६. पुढे काय करायचं ते मिळून ठरवा.

मृत्यूची बातमी सांगताना आडवळण घेतलं, तर घोटाळा होतो. "आम्ही खूप प्रयत्न केले" ऐकून काहींना वाटतं, प्रयत्न अजून चालू आहेत. "ते गेले" किंवा "त्यांचा मृत्यू झाला" हे शब्द कठीण असले तरी स्पष्ट असतात. ते कॉरिडॉरमध्ये उभ्या-उभ्या नव्हे, आणि शक्यतो ऑपरेशन करणाऱ्या सर्जननेच सांगायला हवेत.

बोलणं तुटतं तेव्हा

मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात डोक्याला मार लागलेला पेशंट आला. तिथे मेंदूचे शल्यतज्ज्ञ नव्हते. पेशंटला दुसरीकडे न्या, असं सांगणाऱ्या अस्थिरोग विभागाच्या निवासी डॉक्टरला जमावाने बेदम मारलं. त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. सोय नसणं हा त्या डॉक्टरचा दोष नव्हता. रिकाम्या पदाची शिक्षा समोर उभ्या असलेल्या माणसाला मिळाली.

दवाखान्यावरचा हल्ला हा महाराष्ट्रात २०१० च्या कायद्यानुसार अजामीनपात्र गुन्हा आहे. त्यात ३ वर्षांपर्यंत कैद, ५० हजार रुपयांपर्यंत दंड आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई द्यावी लागते. तक्रार असेल, तर तिचे रस्ते वेगळे आहेत, ते खाली दिले आहेत.

सही करण्याआधी विचारायचे आठ प्रश्न

मोबाइलमध्ये जपून ठेवा, घरच्यांना पाठवा.

- आजाराचं नाव काय? मराठीत सांगा आणि कागदावर लिहून द्या.
- ऑपरेशन आजच का? आठवडाभर थांबलं तर काय होईल?
- औषधाने किंवा दुसऱ्या पद्धतीने होण्यासारखं आहे का?
- शरीरातलं काय काढणार? त्याचा पुढे काय परिणाम?
- ऑपरेशन कोण करणार, भूल कोण देणार?
- अशा शंभर पेशंटमागे किती जणांना त्रास होतो?
- खर्च किती? महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसतं का? (योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो, त्याला आधी भेटा.)
- घरी गेल्यावर कोणतं लक्षण दिसलं तर लगेच परत यायचं?

तातडी नसेल, तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घेणं हा पेशंटचा हक्क आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये मांडलेल्या रुग्ण हक्कांच्या १७ कलमी सनदेत त्याचा समावेश आहे. राज्याच्या २०२१ च्या सुधारित नियमांनुसार खासगी रुग्णालयांनी रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावायची असते.

कागद आणि तक्रार

लेखी मागणी केल्यावर ७२ तासांत वैद्यकीय नोंदी मिळाल्या पाहिजेत. डिस्चार्ज कार्ड, तपासण्या आणि संमतीपत्राची प्रत एका पिशवीत ठेवा. पालमहून नांदेडला जाताना हीच पिशवी पुढच्या सर्जनशी तुमच्या वतीने बोलते.

सरकारी रुग्णालयाबद्दल तक्रार असेल, तर आधी वैद्यकीय अधीक्षक, मग जिल्हा शल्यचिकित्सक. डॉक्टरच्या वर्तनाबद्दल महाराष्ट्र वैद्यकीय परिषद. पैसे देऊन घेतलेल्या उपचारांत निष्काळजीपणा झाला असेल, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे २ वर्षांच्या आत जाता येतं.

मात्र बहुतेक वाद तिथपर्यंत जायची गरज नसते. खुर्ची ओढून खाटेजवळ बसलेला सर्जन आणि न लाजता प्रश्न विचारणारा पेशंट, एवढं जमलं तरी पुष्कळ गैरसमज तिथेच मिटतात. डॉक्टरांनी आपणहून सांगितलं नाही, तर विचारा. कळलं नाही, तर पुन्हा विचारा. सही त्यानंतर करा.